ना सासर, ना माहेर

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुलीला घराबाहेर झोपायचे प्रसंग मोजकेच येत. सासरी जाणे, बाळंतपणाला माहेरी येणे, लग्नाकार्याला मामाकडे राहणे आणि नशीब असेल तर पंढरपूर किंवा काशी. यातला प्रत्येक मुक्काम कोणत्या ना कोणत्या नात्याच्या छपराखाली. विदर्भात भुलाबाईच्या दिवसांत पोरी घरोघर गाणी म्हणत, झाकलेला खाऊ ओळखत हिंडत. मंगळागौरीला नव्या नवऱ्या फुगड्या घालत रात्र जागवत. पण भुलाबाई उरकली की पोरी आपापल्या घरी, आणि मंगळागौरीची पहाट उजाडली की नवरी पुन्हा सासरच्या चुलीपाशी. मैत्रिणींबरोबर राहावे, गावे, चार गोष्टी शिकाव्यात आणि परत यावे, एवढ्याचसाठी आठवडाभर घर सोडायचे ही कल्पना मराठी मुलखात बऱ्याच अंशी ख्रिस्ती मंडळींच्या तंबूतून आली. लोणावळ्याच्या राईतून निघालेली ही कल्पना पुढे चांद्याच्या जंगलात शिरली. तिथून भामरागडला पोचेपर्यंत तिची भेट अशा लोकांशी झाली, ज्यांच्याकडे तरुण पोरापोरींना एकत्र आणणारे घर आधीपासूनच होते.

लोणावळा तेव्हा थंड हवेचे ठिकाण कमी आणि रेल्वेचे गाव जास्त होते. १८६३ साली बोरघाटातून गाडी धावू लागली आणि घाटमाथ्यावर ड्रायव्हर, गार्ड, फिटर यांची वस्ती वाढली. त्यांत युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे बरीच. त्यांच्यामागोमाग अमेरिकी मेथॉडिस्ट पाद्री आले आणि येताना आपल्याकडची ‘कॅम्प मीटिंग’ घेऊन आले. अमेरिकेच्या सरहद्दीवर वस्ती विरळ आणि चर्च दूर. म्हणून शेतकरी गाड्या जोडून एखाद्या राईत जमत, कित्येक दिवस तंबूत राहत, प्रवचने ऐकत, गात, रडत आणि पश्चात्ताप करत. १८०१ साली केंटकीतल्या केन रिज इथे असा हजारोंचा मेळा भरला आणि ती प्रथा सगळ्यांत जास्त उचलली मेथॉडिस्टांनी. आपल्याकडच्या हरिनाम सप्ताहाची आठवण व्हावी असेच हे सगळे: नेमाचे दिवस, उघड्यावरचा मांडव, रात्री उशिरापर्यंत गाणे. मात्र सप्ताहातली मुलगी आईच्या बोटाला धरून येई आणि आईबरोबरच घरी जाई.

१८९६ च्या सुमारास लोणावळ्याच्या या मेळ्याला पंडिता रमाबाई आपल्या शारदा सदनातल्या काही मुलींना घेऊन गेल्या. तिथल्या एका सकाळची हकिगत त्यांनी नंतर आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवली आहे. पहाटे त्या एकट्याच झाडीत गेल्या, सूर्य वर येताना पाहिला आणि आपल्याबरोबर आलेल्या, ख्रिस्ताला मानणाऱ्या पंधरा मुलींची आठवण होऊन त्यांना आनंदाचे भरते आले. मग त्यांनी देवाकडे मागणे मागितले ते असे, की पुढच्या मेळ्यापर्यंत या संख्येचा वर्ग होऊ दे. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. शास्त्र्याची मुलगी देवाशीही हिशोबाने बोलते, हे वाचून हसू येते. पण त्या आकड्यामागची उमेद खरी होती.

त्या पंधरा जणी कोण, हे पाहिल्याशिवाय त्या सकाळचे मोल कळत नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्याच वर्षी पुण्याला हललेले शारदा सदन हे मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठी होते. दहा-बारा वर्षांच्या वयात कपाळ पुसलेले, पुढे केस काढायचे, लग्नमुंजीत मागे उभे राहायचे आणि सकाळी कुणाच्या समोर यायचे नाही, अशा आयुष्यातून आलेल्या या मुली. सदनात त्यांचे केस वाढले, त्यांना लिहिता-वाचता येऊ लागले आणि बागेत हिंडायला मिळाले. लोणावळ्याच्या झाडीत अशा मुलींनी आगगाडीने जावे, दिवसभर मोठ्याने गावे आणि आपले तोंड दिसल्याने कुणाचा दिवस वाईट जात नाही हे अनुभवावे, यात धर्म किती होता आणि नुसता मोकळा श्वास किती होता, याचा हिशोब रमाबाईंनाही मांडता आला नसता.

रमाबाईंचे स्वतःचे वयात येणे तरी कुठे चार भिंतींत झाले होते? २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात जन्मलेली ही मुलगी वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थातीर्थांतून पुराणे सांगत देशभर पायी फिरली. मुक्काम धर्मशाळेत, देवळात किंवा झाडाखाली. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. ज्या वयात इतर मुलींना उंबरठ्याबाहेर बघायची मुभा नव्हती, त्या वयात तिला उंबरठाच नव्हता. उघड्यावरच्या मुक्कामात धाक काय असतो आणि सुख काय असते, हे तिच्याइतके ठाऊक असलेली बाई त्या काळी महाराष्ट्रात दुसरी सापडणे कठीण.

दोनशे पंचवीसचा आकडा पुरा व्हायला फार वाट पाहावी लागली नाही, पण तो ज्या वाटेने पुरा झाला ती वाट भीषण होती. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आज ज्यांना आपण चंद्रपूर आणि गडचिरोली म्हणतो तो चांदा जिल्हाही याच मध्यप्रांतात मोडे. रमाबाई स्वतः प्रांतात हिंडल्या आणि तीनशेच्या वर मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तोवर प्लेग शिरला होता, शहरात एवढी माणसे ठेवायला बंदी. म्हणून या सगळ्यांना केडगावच्या नव्याने घेतलेल्या शेतावर नेले. तिथे इमारत नव्हती. तंबू आणि तात्पुरती छपरे उभी राहिली. मराठी मुलखातली मुलींची पहिली मोठी छावणी ही अशी भुकेतून उभी राहिली. तिचेच पुढे ‘मुक्ती’ झाले: विहिरी, दूध, घाणा, हातमाग आणि छापखाना असलेले, १९०० च्या दुष्काळानंतर दोन हजारांच्या आसपास माणसे सांभाळणारे गाव. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात मुलींच्या हातांनी छापले गेले.

याला दुसरी बाजू होती आणि ती लपवून हा इतिहास सांगता येत नाही. १८९३ साली सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले, रानडे-भांडारकरांचे सल्लागार मंडळ बाजूला झाले आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. मुलीला रात्री परक्या छपराखाली ठेवले तर ती धर्म बदलून येते, ही भीती तिथून मराठी मध्यमवर्गात मुरली. तंबूत मुलींना मिळणारे सुख आणि त्या सुखाला जोडलेला धर्मोपदेश वेगळे काढायचे कसे, हा पुढच्या पन्नास वर्षांचा प्रश्न होऊन बसला. ख्रिस्ती मंडळींना मात्र हा प्रश्न पडायचे कारण नव्हते. त्यांच्या लेखी सुख आणि उपदेश एकच.

आणि त्यांनी ते चालू ठेवले. आजही मेच्या सुट्टीत महाराष्ट्रातल्या चर्चमधून किशोरवयीन मुलींची शिबिरे भरतात. त्यांचा साचा शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही. पहाटे उठून प्रत्येकीने एकटीने झाडाखाली बसायचे, बायबलमधला एक उतारा वाचायचा आणि गप्प राहायचे. चौदा वर्षांच्या मुलीला घरात जी गोष्ट कधीच मिळत नाही, म्हणजे कुणी हाक न मारणारा अर्धा तास, ती इथे नेमाने मिळते. मग गाणी. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीता’त नारायण वामन टिळकांची कितीतरी पदे आहेत आणि ती ओवी-अभंगाच्या चालीत बसतात, त्यामुळे पेटीवर विलायती सूर धरणाऱ्या मुलीही टाळ्या मात्र भजनाच्याच वाजवतात. दुपारी रूथ किंवा एस्तेरच्या गोष्टीचे नाटक, आणि मुलगेच नसल्याने राजा, सेनापती, म्हातारा बवाज सगळे मुलीच. मिशा काढायला कोळसा. रात्री दिवे मालवल्यावर अंथरुणांच्या रांगांतून चालणारी कुजबुज हा खरा कार्यक्रम. तो कोणत्याच वेळापत्रकात नसतो आणि वीस वर्षांनंतर फक्त तोच आठवतो.

चांद्याकडे वळायचे तर तिथेही मिशन होतेच. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने १८७० च्या दशकात चांद्यात काम सुरू केले आणि त्या आरंभीच्या दिवसांत तिथे होते नेहेम्या गोरे, पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री. हेच ते गोरे, ज्यांच्या लिखाणाने आपल्याला ख्रिस्ती धर्माकडे ओढले असे रमाबाई सांगत. दक्षिणेला, गोदावरी-प्राणहितेच्या संगमावरच्या सिरोंच्यात अमेरिकी मेथॉडिस्ट येऊन बसले, म्हणजे लोणावळ्याच्या राईत मेळा भरवणारीच मंडळी. त्यांनी दवाखाना काढला, मुलींना शिकवले. भामरागडचा टापू तेव्हा याच सिरोंचा तहसिलीत, अहेरी जमीनदारीच्या मुलखात मोडे. नकाशावर जवळ, पण मध्ये जंगल आणि नद्या इतक्या की पावसाळ्यात एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूला पोचणे हीच एक बातमी.

दरम्यान जगात मुलींच्या शिबिराचे स्वरूप पालटत होते. यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन १८५५ साली लंडनमध्ये निघाली आणि तिची पहिली भारतीय शाखा १८७५ मध्ये मुंबईत. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बेडन-पॉवेल यांच्या बालवीरांचा मेळावा भरला तेव्हा काही मुली बोलावणे नसताना टोप्या घालून हजर झाल्या आणि ‘आम्हालाही हवे’ म्हणाल्या. त्यातून गर्ल गाइड चळवळ निघाली. हिंदुस्थानातले तिचे पहिले पथक १९११ साली उभे राहिले ते मध्यप्रांतातल्याच जबलपुरात, सुरुवातीला युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरते. पुढे मराठी शाळांतून वीरबाला पथके आली, तंबू ठोकणे, गाठी मारणे, शेकोटीभोवती गाणे आले. प्रार्थना राहिली, पण ती आता कोणत्याही देवाची चालत होती. पुण्यात १६ ऑक्टोबर १९६६ रोजी उघडलेले ‘संगम’ हे जागतिक गाइड केंद्र याच धाग्याचे.

देशी संघटनांनीही तंबू उचलला. वर्ध्यात १९३६ च्या विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली आणि मे महिन्यातले मुलींचे वर्ग विदर्भातल्या गावोगावच्या शाळांत भरू लागले. पुण्यात १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल नव्याने बांधले गेले, तिथे मुलगे-मुली एकत्र गाणी, कवायत, श्रमदान करू लागले. दोन्हींचे विचार एकमेकांना छेद देणारे. तरी आपल्या मुलीला आठ दिवस पाठवताना दोन्हीकडच्या आया स्टेशनवर सारख्याच रडत असाव्यात, आणि गाडी हलल्यावर पोरी सारख्याच हसत असाव्यात.

चांद्याच्या जंगलात पोचलेली छावणी मात्र आणखी एका, वेगळ्या ख्रिस्ती झऱ्यातून आली. पिएर सेरेसोल हा स्वित्झर्लंडच्या एका राष्ट्राध्यक्षाचा मुलगा. युद्धाला विरोध म्हणून तुरुंगात गेलेला आणि पुढे क्वेकर झालेला. पहिल्या महायुद्धात व्हर्दूनजवळचे एन नावाचे खेडे बेचिराख झाले होते. १९२० साली तिथे वेगवेगळ्या देशांतले मूठभर लोक घेऊन तो गेला आणि त्यांनी फावड्याने ढिगारे उपसायला सुरुवात केली. प्रवचन नाही, जे काही म्हणायचे ते फावड्याने. या श्रमछावण्यांतून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः भारतात आला आणि मुझफ्फरपूरकडची खेडी पुन्हा बांधायला लागला. एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. त्या आरंभीच्या छावण्यांत बायकाही असत, त्यांना ‘भगिनी’ म्हणत आणि त्यांच्याकडे स्वयंपाक, धुणे आणि फाटके शिवणे असे. बंधुभावाच्या छावणीतही चूल कुणाकडे, हे ठरलेलेच.

याच संस्थेचे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक १९५० च्या दशकात वरोऱ्याजवळच्या आनंदवनात येऊन राहिले. बाबा आणि साधनाताई आमट्यांची कुष्ठरोग्यांसाठीची ती वसाहत तेव्हा अगदी नवी होती. विनोबांच्या हस्ते तिचे उद्घाटन १९५१ मध्ये झालेले. कुष्ठरोग्यांच्या शेतातली भाजी वरोऱ्याचे लोक विकत घेत नसत. गोऱ्या परदेशी मुलामुलींनी रुग्णांच्या बरोबरीने विटा वाहिल्या, त्यांच्याबरोबर जेवले आणि धडधाकट राहिले, हे गावाने पाहिले. त्यानंतर भीतीला तडे गेले, असे आनंदवनात सांगतात. ही छावणी बाबांच्या डोक्यात घर करून बसली. १९६७ साली मूल तालुक्यात सोमनाथला सरकारकडून जंगलजमीन मिळाली, तिथे त्यांनी श्रमिक विद्यापीठाचे स्वप्न मांडले. विद्यापीठ काही तसे उभे राहिले नाही. उभी राहिली आणि टिकली ती दरवर्षीची श्रमसंस्कार छावणी, १५ ते २२ मे.

मेचा मध्य, चंद्रपूर जिल्हा. पारा पंचेचाळिशीच्या पुढे जाणारच. लोक जेव्हा महाबळेश्वर-माथेरानला जातात तेव्हा देशातल्या सर्वांत तापणाऱ्या पट्ट्यात कुदळ घेऊन या, असे तरुणांना बोलावणे हा बाबांचा खास विदर्भी विनोद म्हणावा की हट्ट? पण पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची मुले येत राहिली आणि त्यांत मुलींची संख्या नेहमीच चांगली राहिली. उजाडायच्या आत उठायचे, ऊन चढायच्या आत बांध घालायचा, तळे खणायचे, दगड वाहायचे. घमेली एका हातातून दुसऱ्या हातात देत साखळी लागते आणि त्या साखळीत इंजिनिअरिंगचा मुलगा, कुष्ठमुक्त शेतकरी आणि बारावी झालेली मुलगी यांत फरक करायला वेळच नसतो. दुपारी भाषणे, चर्चा, क्वचित डुलक्या. संध्याकाळी गाणी.

मुलींच्या दृष्टीने सोमनाथचे नवेपण साधे होते. सेरेसोलच्या छावणीतल्या भगिनी चुलीपाशी होत्या, सोमनाथच्या मुली बांधावर आल्या. घरी ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’ ऐकून मोठी झालेली मुलगी आठ दिवसांत करपून निघते आणि कुणी काही म्हणत नाही. हाताला फोड येतात, ते दाखवण्यात मिरवणे असते. केसांच्या झिपऱ्या झाल्या तरी आरसा कुणाकडे? लोणावळ्याच्या मेळ्यात मुलीला तोंड दाखवण्याची मुभा मिळाली होती, सोमनाथला ते कसे दिसते याची फिकीर न करण्याची मुभा मिळाली. शिवाय मुलामुलींनी रात्री उशिरापर्यंत गप्पा मारत बसायचे आणि त्याला कुणी नाव ठेवायचे नाही, हे त्या काळच्या महाराष्ट्रात धाडसच होते. छावणीत जुळलेल्या लग्नांची यादी कुणी केली तर ती लांबेल.

काही जण आठ दिवसांवर थांबले नाहीत. सोमनाथहून निघालेले काही तरुण १९७२ च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याच्या भिल्ल शेतमजुरांच्या लढ्यात गेले. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर सायकलींवर शंभराहून अधिक तरुण-तरुणी होते. आणि त्याआधी, २३ डिसेंबर १९७३ रोजी, भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात झाली. वर्षभरापूर्वी लग्न झालेले डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले, पाठोपाठ आनंदवन-सोमनाथच्या वातावरणात वाढलेले आणखी काही तरुण गेले. ही छावणी उठायची नव्हती.

भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्या येऊन इंद्रावतीला मिळतात, पलीकडे बस्तर. इथले माडिया लोक सुरुवातीला बाहेरच्या माणसाला पाहून जंगलात पळत. बाहेरून आलेल्यांना शिबिर, छावणी, मुक्काम यांचे अप्रूप. माडियांच्या गावात मात्र मधोमध गोटुल, म्हणजे तरुण पोरापोरींना एकत्र आणणारे घर, आधीच होते. गोटुल म्हटले की शहरी वाचकाच्या डोक्यात जे चित्र उभे राहते त्याचे श्रेय, किंवा दोष, व्हेरिअर एल्विन यांना. हे गृहस्थ १९२७ मध्ये इंग्लंडहून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले ते तरुण पाद्री म्हणून. नंतर गोंडांच्या मुलखात जाऊन चर्च सोडून बसले आणि १९४७ साली त्यांनी मुरिया आणि त्यांच्या घोटुलांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. उत्तर बस्तरच्या त्या घोटुलात अविवाहित मुलगे-मुली एकत्र राहत, नाचत, एकमेकांना निवडत. पाद्र्याचा झालेला मानववंशशास्त्रज्ञ त्या घराबद्दल जितक्या कोवळेपणाने लिहितो, तितके त्याने क्वचितच कशाबद्दल लिहिले असेल.

पण माडियांचे गोटुल त्या ग्रंथातले नव्हे. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ मध्ये बस्तरच्या माडियांवर लिहिताना नोंदवले होते की पहाडी माडियांच्या गोटुलात झोपतात ते मुलगे. मुली संध्याकाळी नाचायला येतात आणि आपापल्या घरी परततात. सणाला, लग्नाला पोरी हातात हात गुंफून रांगेत रेला नाचतात, पहाट होईपर्यंत नाचतात. रमाबाईंच्या विधवा मुलींना जो आनंद लोणावळ्याला आगगाडीने जाऊन मिळवावा लागला, तो माडिया मुलीला गावाच्या मधल्या अंगणात मिळत होता. तिथे नाचायला कुणाची परवानगी लागत नसे आणि तिला नवरा निवडण्याची मोकळीकही पुण्याच्या ब्राह्मण मुलीपेक्षा कितीतरी जास्त होती.

म्हणून तिचे आयुष्य सोपे होते असे मानायचे कारण नाही. तिलाही घराबाहेरचा एक मुक्काम ठरलेला होता. पाळी आली की गावाच्या कडेच्या कुर्माघरात जायचे: चार-पाच दिवस, छोट्या अंधाऱ्या झोपडीत, पावसाळ्यात साप-विंचवांच्या सोबतीला. तिथेही मैत्रिणी भेटतात, कामातून सुटका मिळते, असे काही बाया सांगतात आणि ते खोटे नाही. पण आजारी पडलेली मुलगी तिथे एकटी असली तर काय होते, हेही गडचिरोलीने पाहिले आहे. प्रथा मोडायला गावे तयार नाहीत म्हणून गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी पलंग, वीज, पाणी असलेली पक्की कुर्माघरे बांधली गेली. त्यावर बायांमध्येच दोन मते आहेत: आधी झोपडी सुधारावी की आधी प्रथा.

जिल्ह्यातले या वयाच्या मुलींसाठीचे सर्वांत धीट शिबिर याच प्रश्नाच्या आसपास उभे राहिले. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, तपासलेल्या बायांपैकी ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि बहुतेकींनी तो कुणाला सांगितलाच नव्हता. पुढे ‘सर्च’ संस्थेतून त्यांनी किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ सुरू केले. काही दिवसांच्या या शिबिरात शरीर, पाळी, प्रेम, गर्भ, आजार यांवर सरळ बोलायचे, चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न विचारायचे. दिवे मालवल्यावरच्या कुजबुजीत जे विषय शंभर वर्षे चालत आले होते, ते इथे भरदिवसा फळ्यापाशी आले. ख्रिस्ती शिबिरातल्या ताईला हे ऐकून कदाचित घाम फुटला असता. पण मुलींना कशाबद्दल बोलायचे असते, हे तिलाही ठाऊक असणारच.

हेमलकशाला १९७६ साली शाळा सुरू झाली. सुरुवातीला मुले पळून जात, मुली तर येतच नसत. भावंडे सांभाळायला, मोहफुले वेचायला त्या घरी हव्या असत. आज त्या आश्रमशाळेत सहाशेच्या आसपास मुले-मुली राहून शिकतात आणि तिथल्या पहिल्या पिढ्यांतून डॉक्टर, शिक्षक, वकील झाले आहेत. शहरातून येणारे पाहुणे मुलींचे वसतिगृह पाहतात, रांगेतली अंथरुणे, सामुदायिक प्रार्थना, पंगत पाहतात आणि म्हणतात, अगदी शिबिरासारखे! बरोबरच आहे. फक्त हे शिबिर जूनअखेर सुरू होते आणि एप्रिलच्या शेवटी संपते. पुण्याची मुलगी मे महिन्यात घर सोडून छावणीत येते, तेव्हा भामरागडची मुलगी छावणी सोडून घरी निघालेली असते.

आणि घरी तेंदूपत्ता तिची वाट पाहत असतो. मेमधले दोन-तीन आठवडे सगळा जिल्हा पानांमागे लागतो. झुंजूमुंजू व्हायच्या आधी आया, मावश्या, पोरी टोळीने जंगलात शिरतात. वाघाची भीती आहे म्हणून मोठमोठ्याने बोलत, गात. ऊन तापेपर्यंत पाने तोडायची, गाठोडे डोक्यावर घेऊन घरी आणायचे, मग सावलीत बसून जुळणी. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी, असा हिशोब. शाळेत गणित शिकलेली मुलगी फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, मोजणीला आईच्या शेजारी उभी राहते, कारण तिथे पुडे कमी मोजले जाण्याची जुनी रड आहे. ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या वनहक्क आणि पेसा कायद्यांनंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभा पानांचा लिलाव स्वतः करू लागल्या आहेत. दर काय, बोनस किती, ठेकेदाराने पैसे कधी द्यायचे, यावर गोटुलासमोर सभा भरते. वहीत नावे आणि पुडे लिहायला हात लागतात, तेव्हा सुट्टीवर आलेल्या या मुलींनाच पुढे बसवतात.